नाव कोणाचं, काम कोणाचं?



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांची उभी हयात रस्त्यांच्या कामावर गेली. म्हणून संयोजक म्हणाले, यंदा विषय रस्त्याचाच घ्या. मी म्हटलं, घेतो, पण खड्ड्यांवर बोलणार नाही. खड्ड्यांवर बोलण्याइतकी सामग्री या सभागृहातल्या प्रत्येकाकडे माझ्यापेक्षा जास्त आहे! मी बोलणार आहे रस्ता बांधणाऱ्यांवर, आणि तेही बव्हंशी अमेरिकेतल्या. अमेरिका कशाला, असं कोणाच्या मनात आलं असेल तर थोडा धीर धरा. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली, हे आपल्याला ठाऊक असतं. जोतीराव स्वतः कंत्राटदार होते, खडकवासल्याचं धरण, कात्रजचा बोगदा, येरवड्याचा पूल या कामांशी त्यांचं नाव जोडलेलं आहे, हे मात्र आपण पटकन विसरतो. तेव्हा अमेरिकेतला वर्णभेद आणि सरकारी बांधकामाचं कंत्राट या दोन गोष्टींची गाठ मारण्याचा पहिला मान माझा नाही.

सुरुवात सिनेमापासून करू. १९९४ सालचा ‘स्पीड’ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. बसमध्ये बॉम्ब आहे, वेग ताशी पन्नास मैलांखाली गेला की तो फुटणार, आणि समोरचा उड्डाणपूल मध्येच तुटका. बस त्या फटीवरून उडी मारते. तो पूल खरा आहे. लॉस एंजेलिसमध्ये सेंच्युरी फ्रीवे जिथे हार्बर फ्रीवेला भेटतो, तिथला तो पूल. पण गंमत ऐका. त्या पुलाला फट नव्हतीच! पूल धडधाकट होता, फट नंतर संगणकावर पाडली. मात्र त्याच रस्त्याच्या गोष्टीत एक खरी फट होती, ती कुठल्याच कॅमेऱ्यात आली नाही. आज तिच्याविषयी बोलायचं आहे.

पहिला मुद्दा: रस्ता कोणाच्या अंगणातून गेला?

१९५६ साली राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी महामार्गांच्या कायद्यावर सही केली. एक्केचाळीस हजार मैलांचं जाळं, आणि खर्चाच्या दर शंभर डॉलरमधले नव्वद केंद्र सरकारचे. मोकळ्या माळावरून रस्ता नेणं सोपं. पण तो शहरात शिरला की कोणाचं तरी घर पडणार. कोणाचं पाडायचं? जिथे जमीन स्वस्त आणि तक्रार करणाऱ्याचा आवाज लहान, त्याचं. मिनेसोटातल्या सेंट पॉल शहरात रोंडो नावाची कृष्णवर्णीयांची नांदती वस्ती होती. तिच्या मधोमध महामार्ग गेला. न्यू ऑर्लिन्समध्ये क्लेबोर्न ॲव्हेन्यूवरची ओकची जुनी झाडं गेली आणि त्यांच्या जागी काँक्रीटचे खांब आले. मायामीचं ओव्हरटाउन असंच चिरलं गेलं. रोंडोच्या लोकांची सेंट पॉलच्या महापौरांनी आणि राज्याच्या वाहतूक खात्याच्या प्रमुखांनी जाहीर माफी मागितली, ती २०१५ साली. माफीलाही सर्व्हिस रोडने यावं लागलं!

बरं, घर गेलं, दुकान गेलं. दारातच एवढं मोठं काम निघालं होतं. त्या कामावर मजुरी तरी मिळाली? इथून माझा दुसरा मुद्दा सुरू होतो.

दुसरा मुद्दा: हातात हत्यार कोणाच्या?

१४ जुलै १९६४. सेंट लुइस शहरात मिसिसिपीच्या काठी ती प्रचंड पोलादी कमान उभी राहत होती. पैसा सरकारी. पर्सी ग्रीन हा कृष्णवर्णीय तरुण आणि रिचर्ड डेली हा त्याचा गोरा सहकारी, दोघे त्या अर्धवट कमानीच्या शिडीवरून सव्वाशे फूट वर चढले आणि तिथेच बसून राहिले. मागणी साधी होती: सरकारच्या पैशावर कमान उभी राहते आहे, तर कुशल कामं काळ्या माणसांनाही द्या.

कुशल कामं. हा शब्द धरून ठेवा. काळ्या माणसाला बांधकामावर कामच नव्हतं, असं नाही. खोदाई होती, हमाली होती. पण लोखंड उभारणारे, नळजोडणीवाले, वीजकाम करणारे यांच्या युनियनमध्ये शिरायचं तर उमेदवारी करावी लागे, आणि उमेदवारीला बापाने मुलाला, काकाने पुतण्याला आणायचं. पाटी कुठेच नव्हती की ‘तुम्हाला प्रवेश नाही’. पाटीची गरजच नव्हती. जातीने धंदा ठरणाऱ्या देशातल्या माणसांना हे मी अधिक काय समजावू?

१९६५ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी आदेश काढला, क्रमांक ११२४६. सरकारी कंत्राट घ्यायचं असेल तर भेदभाव करायचा नाही, आणि नुसतं ‘करत नाही’ म्हणून हात झटकायचे नाहीत, माणसं शोधून आणायची. दोन वर्षांनी त्यात स्त्रियांचाही समावेश झाला. १९६९ साली निक्सन यांच्या कारकिर्दीत, सहायक कामगार सचिव आर्थर फ्लेचर यांच्या पुढाकाराने ‘फिलाडेल्फिया योजना’ आली. तिथल्या सहा कुशल व्यवसायांत अल्पसंख्य कामगार दोन टक्क्यांच्याही खाली होते. योजनेने सांगितलं, मोठ्या सरकारी कामावर टेंडर भरताना किती जणांना घेणार याचं उद्दिष्ट आणि मुदत लिहून द्या.

आणि स्त्रिया? १९७८ मध्ये नियम झाला की सरकारी बांधकामावरच्या कामाच्या एकूण तासांतले पहिल्या वर्षी ३.१ टक्के, मग ५ टक्के आणि तिसऱ्या वर्षी ६.९ टक्के तास स्त्रियांचे असावेत. उद्दिष्ट ६.९! शंभरात सातसुद्धा नाहीत. या गोष्टीला चार दशकं उलटली. आजही अमेरिकेत बांधकामाच्या प्रत्यक्ष हातकामात स्त्रियांचं प्रमाण चार टक्क्यांच्या आसपास रेंगाळतं आहे. उद्दिष्ट चढवावं लागलं नाही, कारण ते गाठलंच गेलं नाही.

का गाठलं नाही? बायकांना जमत नाही म्हणून? महाराष्ट्रातल्या सभेत हा प्रश्न विचारायची सोय नाही. १९७२ च्या दुष्काळात रस्त्यांची खडी कोणी फोडली, हे इथल्या वडीलधाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. अडचण वेगळीच असते. काम सकाळी सहाला सुरू होतं आणि पाळणाघर आठला उघडतं. साइट आज इथे, पुढच्या महिन्यात साठ मैलांवर. बाईसाठी वेगळं स्वच्छतागृह नाही. आणि शिकवणारा मिस्त्री तिला दिवसभर हातात झेंडा देऊन वाहनं थांबवायला उभी करतो, पेव्हरवर चढूच देत नाही. ओरेगॉन राज्याने हे ओळखलं. महामार्गाच्या निधीतला काही भाग काढून त्यांनी उमेदवारांच्या मुलांना सांभाळण्याचा आणि साइटवर जाण्याच्या पेट्रोलचा खर्च द्यायला सुरुवात केली. डांबराच्या बजेटमधून पाळणाघर! आपल्या हिशेबनीसाला हे दाखवलं तर तो म्हणेल, हे कुठल्या हेडखाली टाकू?

तिसरा मुद्दा: कंत्राट कोणाला?

मजूर झालात, मिस्त्री झालात. मालक कधी होणार? मेरीलँडचे काँग्रेस सदस्य पॅरेन मिचेल यांनी १९७७ साली हाच प्रश्न संसदेत मांडला. देशात अल्पसंख्याकांची संख्या शेकडा पंधरा-अठरा, आणि सरकारी खरेदीत त्यांच्या उद्योगांचा वाटा एक टक्क्याहून कमी. त्यांनी सार्वजनिक बांधकामाच्या कायद्यात दुरुस्ती आणली: दहा टक्के काम अल्पसंख्याकांच्या उद्योगांना. पुढे हाच दहाचा आकडा महामार्गांवर आला. ज्या कायद्याने आला त्यावर सही कोणाची? रोनाल्ड रेगन यांची, जानेवारी १९८३ मध्ये. १९८७ मध्ये स्त्रियांच्या मालकीचे उद्योगही त्यात धरले गेले. तिथले लोक या उद्योगांना ‘डीबीई’ म्हणतात. आपण म्हणू, वंचितांचे उद्योग.

पण श्रोतेहो, दुसरी बाजू ऐकल्याशिवाय पुढे जाणं बरं नाही. कोलोरॅडोमध्ये डोंगरातल्या एका रस्त्याला कडेचे संरक्षक कठडे बसवायचे होते. आपण ज्याला क्रॅश बॅरिअर म्हणतो ते. अदरँड नावाच्या कंपनीची बोली सगळ्यात कमी होती. तरी काम दुसऱ्या कंपनीला गेलं, कारण वंचित उद्योगाला काम दिलं तर मुख्य कंत्राटदाराला सरकारकडून जादा पैसे मिळत होते. अदरँडचा गोरा मालक म्हणाला, माझा दर कमी, काम चांगलं, मग माझं चुकलं काय? प्रश्न बिनतोड होता. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं की वंशावर आधारलेली कुठलीही सरकारी तजवीज, मग ती हेतूने कितीही चांगली असो, अत्यंत कडक कसोटीवर पारखली पाहिजे.

त्या निकालातून १९९९ चे नवे नियम जन्मले, आणि ते मला फार शहाणपणाचे वाटतात. दहा टक्के हा कोटा नाही, अपेक्षा आहे. प्रत्येक राज्याने आपल्या बाजाराचा अभ्यास करून आपला आकडा ठरवायचा. मुख्य कंत्राटदाराला आकडा गाठता आला नाही, पण त्याने मनापासून धडपड केल्याचं दाखवलं, तर त्याचं टेंडर बाद होणार नाही. मालकाची संपत्ती ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की तो बाहेर. तेव्हा ती मर्यादा साडेसात लाख डॉलर होती. आणि एक कलम तर असं की ते ऐकून आपल्याकडच्या प्रत्येक पोटकंत्राटदाराच्या डोळ्यांत पाणी येईल: मुख्य कंत्राटदाराला सरकारकडून बिल मिळालं की ठरावीक दिवसांत पोटकंत्राटदाराचे पैसे त्याच्या हातात पडले पाहिजेत!

हसू नका. लहान ठेकेदार हुशारीअभावी क्वचितच मरतो. तो मरतो अडकलेल्या रनिंग बिलाने आणि न मिळालेल्या बँक गॅरंटीने. ज्याच्या आज्याला रंगामुळे हव्या त्या गल्लीत घर घेता आलं नाही, त्याच्याकडे तारण ठेवायला काय असणार? तारण नाही म्हणून हमी नाही, हमी नाही म्हणून मोठं काम नाही, मोठं काम केलेलं नाही म्हणून अनुभवाचा दाखला नाही, आणि दाखला नाही म्हणून पुन्हा हमी नाही. मग वाट्याला येतात कडेची कामं. माती वाहा, पाट्या लावा, कठडे बसवा, गवत पेरा. मधला डांबराचा पट्टा, जिथे खरा पैसा आहे, तो दुसऱ्याचा. त्या गाजलेल्या खटल्यातलं भांडणसुद्धा कठड्यावरूनच होतं, हे विसरू नका. रस्त्याच्या कडेला दोन लहान माणसं भांडत होती. मधला पट्टा कोणाचा, हे कोणी विचारलंच नाही.

चौथा मुद्दा: नाव आणि काम.

आता आजच्या व्याख्यानाच्या गाभ्याशी येतो. टक्के ठरले की काय होतं? ते तुम्हाला माझ्याआधी सुचलं आहे, तुमच्या चेहऱ्यांवर दिसतंय. नाव उभं राहतं! पेट्रोल पंप बायकोच्या नावावर, सरपंचपद सूनबाईच्या नावावर, आणि खुर्चीत कोण? ही कला आपलीच आहे असा आपला गोड गैरसमज असेल, तर तो आज सोडा.

पेनसिल्व्हेनियात पुलांच्या काँक्रीट तुळया तयार करणारा एक कारखाना होता. तो वंचितांच्या व्याख्येत बसत नव्हता. त्याने कनेक्टिकटमधल्या एका प्रमाणपत्रधारक लहान कंपनीशी संधान बांधलं. कागदावर काम त्या कंपनीचं, प्रत्यक्षात सगळं या कारखान्याचं. नाव वापरू दिल्याबद्दल त्या कंपनीच्या मालकाला ठरलेला मोबदला. पंधरा वर्षं हे चाललं. रक्कम झाली तेरा कोटी साठ लाख डॉलर. साइटवर जाताना कारखान्याच्या गाड्यांवरचं नाव झाकायला काय वापरत असतील? चुंबकाच्या पाट्या! पाटी लावली की कंपनी वंचित. संध्याकाळी पाटी काढली की आपली ती आपली.

तिथल्या नियमांनी यावर उपाय म्हणून एक कसोटी ठेवली आहे. एक्कावन्न टक्के मालकी कागदावर असणं पुरेसं नाही. त्या उद्योगाने कामाचा खरा भाग स्वतः केला पाहिजे. मग निरीक्षक साइटवर जातो आणि साधे प्रश्न विचारतो. यंत्र कोणाचं? माल कोणी मागवला, पैसे कोणी दिले? हे मजूर कोणाच्या पगारावर? आणि काम अडलं तर फोन कोणाला जातो? माझ्या मते सामाजिक न्यायावरच्या शंभर ठरावांपेक्षा हा शेवटचा प्रश्न जड आहे. काम अडलं तर फोन कोणाला जातो, तो मालक. बाकी सगळं चुंबक.

आता थोडं आपल्या माणसांविषयी, जरा अवघड जागेचं बोलतो. त्या नियमांत वंचित मानल्या गेलेल्या गटांच्या यादीत कृष्णवर्णीय होते, लॅटिन अमेरिकन होते, मूळनिवासी होते, स्त्रिया होत्या, आणि ‘उपखंडीय आशियाई’ही होते. म्हणजे भारतीय. म्हणजे आपण. वालचंद किंवा सीओईपीतून पदवी घेऊन गेलेला, तिथे पूल-रस्त्यांची सल्लागार कंपनी काढणारा मराठी अभियंता त्या यादीत बसत होता. रोंडोतून उठवलेल्याचा नातूही त्याच यादीत. परक्या देशात रंगामुळे, नावामुळे दारं बंद झाल्याचा अनुभव आपल्या माणसांनाही येतो, हे मी नाकारत नाही. पण दोघांचं ओझं सारखं होतं का? हा प्रश्न आपण स्वतःला विचारायला हवा होता. इथे असताना गुणवत्ता, गुणवत्ता म्हणत आरक्षणाला नाकं मुरडायची, आणि विमानातून उतरल्यावर त्याच रांगेत उभं राहायचं, या प्रवासात कुठेतरी एक टोलनाका असावा असं मला वाटतं.

असो. ती यादी आता उरलेली नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये केंटकीतल्या एका फेडरल न्यायालयाने दोन कंपन्यांच्या दाव्यात या गटांना वंचित धरण्याच्या गृहीतकाला तात्पुरती मनाई केली. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी जॉन्सन यांचा साठ वर्षांचा आदेश मोडीत काढला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये वाहतूक खात्याने नियमच बदलला. आता वंश किंवा लिंग यावरून कोणालाही वंचित मानायचं नाही. ज्याने त्याने आपली कहाणी पुराव्यासह लिहून द्यायची. काहींना हा न्याय वाटतो, काहींना घात. मला एवढंच दिसतं की कमान चढलेल्या माणसाच्या प्रश्नाचं उत्तर अजून पूर्ण झालेलं नाही.

मग काही झालंच नाही का? झालं की! ‘स्पीड’च्या त्या रस्त्याकडे परत चला.

सेंच्युरी फ्रीवे गरीब, बहुतांशी अल्पसंख्याकांच्या वस्त्यांतून जाणार होता आणि वीस हजारांहून अधिक माणसं उठणार होती. १९७२ मध्ये तिथली काही कुटुंबं न्यायालयात गेली. न्यायमूर्ती हॅरी प्रेगर्सन यांनी काम थांबवलं. सात वर्षांनी तडजोड झाली. त्या तडजोडीत लिहिलं गेलं: उठवलेल्यांसाठी घरं बांधा, रस्त्याच्या मधोमध रेल्वे न्या, लेन कमी करा, आणि बांधकामावर अल्पसंख्य कामगार, स्त्रिया आणि त्यांचे उद्योग यांना वाटा द्या. वाटा मिळतो की नाही हे पाहायला समिती नेमली. स्त्रियांना या कामांचं प्रशिक्षण देणारा खास कार्यक्रम उभा राहिला. म्हणजे काम द्यायचं ठरलं आणि काम करता यावं म्हणून शिकवायचंही ठरलं. रस्ता खुला झाला ऑक्टोबर १९९३ मध्ये, दाव्याला एकवीस वर्षं झाल्यावर. उशीर झाला, खर्च वाढला, टीका झाली. आणि आज ‘स्पीड’मधल्या त्या पुलाच्या चौकाला नाव आहे ते काम थांबवणाऱ्या न्यायमूर्तींचं!

आता इकडे येतो आणि आवरतं घेतो.

आपल्याकडे काय? २००२ साली भोपाळ इथे दलित विचारवंतांनी जो जाहीरनामा केला, त्यात अमेरिकेच्या धर्तीवर सरकारी खरेदीत वाटा मागितला होता. २००५ मध्ये पुण्यात मिलिंद कांबळे यांनी ‘डिक्की’ ही दलित उद्योजकांची संघटना स्थापन केली. ते स्वतः स्थापत्य अभियंता आणि कंत्राटदार. २०१२ च्या केंद्रीय धोरणाने लघुउद्योगांकडून खरेदीची सक्ती केली, त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांचा चार टक्के आणि पुढे स्त्रियांचा तीन टक्के वाटा ठरला. पण ते धोरण वस्तू आणि सेवांचं. खुर्ची, कागद, वायर घ्या, पण रस्त्याचं कंत्राट त्यात येत नाही. कर्नाटकने बांधकामाच्या लहान कंत्राटांत अनुसूचित जाती-जमातींना राखीव वाटा दिला. हा धडा शेजारी गिरवला गेला आहे.

आणि बाई? अमेरिकेतल्या बाईला साइटचं दारच उघडत नव्हतं. आपल्याकडे दार सताड उघडं आहे, पण आत गेल्यावर तिच्या डोक्यावर घमेलं आहे आणि ते उतरत नाही. थापी गवंड्याच्या हातात, रोलरवर बाप्या, हजेरी मुकादमाकडे. पन्नासहून अधिक बायका कामावर असतील तर पाळणाघर हवं, असं १९९६ च्या बांधकाम कामगारांच्या कायद्यात होतं. तरी झाडाच्या फांदीला बांधलेली लुगड्याची झोळी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. त्यांचे चार टक्के मोजायला तरी सापडतात. आपल्या घमेल्यांची नोंद ‘बिगारी’ या एका शब्दात मिटते.

थोडक्यात सांगतो. सार्वजनिक पैशाच्या रस्त्याला चार गोष्टी विचारायच्या असतात. कोणाच्या अंगणातून गेला, हत्यार कोणाच्या हातात होतं, कंत्राट कोणाला मिळालं, आणि त्या कंत्राटावरचं नाव खरं होतं की चुंबकाचं. टक्केवारीने दार उघडतं. आत टिकायला कौशल्य लागतं, बँकेत पत लागते, बिल वेळेवर लागतं आणि मूल सांभाळणारं कोणी लागतं. यातलं एक नसलं की फट राहते.

घरी जाताना वाटेत कुठे ना कुठे काम चालू असेलच. कामाचा फलक असेल, त्यावर ठेकेदाराचं नाव असेल. ते वाचा. मग दोन मिनिटं थांबून बघा, रोलरवर कोण आहे, घमेलं कोणाच्या डोक्यावर आहे, आणि काम अडलं की फोन कोणाला जातो.